नमुना क्रमांकाच्या शेवटची दोन अक्षरे

पत्र : मी यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातल्या एका निवासी आश्रमशाळेत संगणक विषय शिकवतो. माजी विद्यार्थ्यांनी जमवून दिलेल्या निधीतून संगणक कक्ष, कार्यालय, वसतिगृह आणि १२ कॅमेरे एकाच जाळ्यात आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठी सिस्को कंपनीचा ‘सीबीएस ३५०-२४पी-४जी’ हा नेटवर्क स्विच, म्हणजे संगणक आणि कॅमेरे केबलने एकमेकांना जोडणारे यंत्र, आम्ही निश्चित केला. नागपुरातल्या बर्डीवरील विक्रेत्याच्या दरपत्रकात या क्रमांकापुढे ‘-आयएन’ असे आहे. एक ऑनलाइन विक्रेता ‘-ईयू’ लिहिलेला स्विच कमी दरात देतो आहे. माझा भाचा अमेरिकेत असतो. दिवाळीला येताना तो ‘-एनए’ लिहिलेला स्विच आणू शकतो आणि तो नागपूरच्या दरापेक्षा साधारण एक चतुर्थांशाने स्वस्त पडतो. हे तिन्ही स्विच एकच आहेत की वेगवेगळे? वाय-फायचा सिग्नल पसरवणारी तीन यंत्रे, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, तीही भाच्याकडूनच मागवावीत का?

उत्तर :

सर, सप्रेम नमस्कार.

आपण स्विच ‘-आयएन’ हाच घ्यावा आणि भाच्याला स्विच किंवा ॲक्सेस पॉइंट यांपैकी काहीही आणायला सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हे मत ज्या कारणांवर उभे आहे ती कारणे विक्रेते सहसा सांगतात त्याहून वेगळी आहेत, आणि तिन्ही यंत्रे एकच असावीत ही आपली शंका बऱ्याच अंशी खरी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी क्रमांक नीट वाचू. ‘सीबीएस ३५०’ हे मालिकेचे नाव आहे. ‘२४पी’ म्हणजे केबल जोडायच्या चोवीस खाचा, म्हणजे पोर्ट, आणि त्या पोर्टमधून डेटाबरोबर वीजही देण्याची, म्हणजे पीओईची, सोय. ‘४जी’ म्हणजे फायबर, म्हणजे काचतंतूची केबल, जोडण्यासाठी एक गिगाबिट वेगाच्या चार एसएफपी जागा. यंत्राची ताकद एवढ्या अक्षरांत सांगून संपते. त्यापुढची ‘आयएन’, ‘ईयू’, ‘यूके’, ‘एनए’ ही दोन अक्षरे ते यंत्र कोणत्या प्रदेशात विकण्यासाठी खोक्यात भरले गेले एवढेच सांगतात. आत तोच सर्किट बोर्ड असतो, तोच अंतर्गत वीजपुरवठा (पॉवर सप्लाय) असतो, आणि या मालिकेचे फर्मवेअरही, म्हणजे यंत्रात भरलेले सॉफ्टवेअरही, प्रदेशागणिक वेगळे नसते. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, तर आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असल्यामुळे तिकडचे यंत्र इथे जळते, असे आपल्याला कोणी सांगितले असेल, तर ते तिकडच्या मिक्सरच्या बाबतीत खरे असेल, या स्विचच्या बाबतीत नाही. त्याचा अंतर्गत वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्ट आणि ५० ते ६० हर्ट्झ एवढ्या पूर्ण पट्ट्यात चालतो. यंत्राच्या मागच्या बाजूला तसे छापलेलेही असते.

प्रत्येक कंपनीच्या बाबतीत मात्र असे समजू नये. काही उत्पादक एका विशिष्ट देशाच्या बाजारासाठी वेगळे सॉफ्टवेअर घालतात. सिस्कोच्याच मोठ्या कॅटॅलिस्ट ९००० मालिकेसाठी सॉफ्टवेअरची एक वेगळी आवृत्ती आहे, जिच्यातून मॅकसेक हे कूटलेखन, म्हणजे तारेतून जाणारी माहिती सांकेतिक रूपात पाठवण्याची सोय, काढून टाकलेले असते, कारण काही देशांत कूटलेखनावर निर्बंध आहेत. आपल्या निवडीला हा प्रश्न लागू नाही, परंतु उद्या दुसऱ्या कंपनीचा स्विच घेण्याची वेळ आली तर ‘फर्मवेअर सर्व प्रदेशांना एकच आहे का’ हा प्रश्न आधी विचारावा.

मग फरक कुठे आहे? पहिला फरक वायरीत आहे, आणि तो वाटतो तितका क्षुल्लक नाही. स्विचच्या मागे जी खाच असते ती जगभर एकच आहे. कॉम्प्युटरची पॉवर कॉर्ड म्हणून जी वायर आपल्या संगणक कक्षात डझनभर सापडेल, तीच तिथे बसते. वेगळे असते ते वायरीचे भिंतीकडचे टोक. ‘-आयएन’च्या खोक्यात आयएस १२९३ या भारतीय मानकाप्रमाणे तीन गोल पिनांचा प्लग येतो. ‘-एनए’च्या खोक्यात दोन चपट्या आणि एक गोल पिन असलेला अमेरिकी प्लग येतो, ज्याची मान्य मर्यादा १२५ व्होल्ट आहे, तो २३० व्होल्टवर चालवणे चूकच आहे, मग तो बाजारातल्या बहुपर्यायी एक्स्टेन्शन बोर्डात कितीही सहज बसो.

‘-ईयू’चा प्लग मला या अमेरिकी प्लगपेक्षाही अधिक घातक वाटतो, कारण तो आपल्या सॉकेटमध्ये बसल्यासारखा दिसतो. त्याच्या दोन गोल पिनांमधले अंतर १९ मिलिमीटर आणि जाडी ४.८ मिलिमीटर असते, आणि आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधील फेज आणि न्यूट्रलची भोके जवळजवळ त्याच मापाची असतात. सॉकेटला झडप असेल तर लोक वरच्या भोकात टेस्टर खुपसून ती उघडतात आणि प्लग ढकलतात. यंत्र सुरू होते, दिवे लुकलुकतात, सगळ्यांना समाधान वाटते. परंतु त्या युरोपीय प्लगची अर्थिंग पिनेत नसून कडेच्या पत्र्यांत असते, आणि आपल्या सॉकेटमध्ये त्या पत्र्यांना टेकायला काहीच नसते. म्हणजे लोखंडी आवरणाचे, चोवीस तास चालणारे, सबंध इमारतभर तांब्याच्या तारा पसरलेले यंत्र अर्थिंगशिवाय उभे राहते, आणि ज्या इमारतीत मुले राहतात तिथे हे मी कधीही चालवून घेणार नाही.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर, फरक केवळ वायरीपुरता असता तर आयएसआय चिन्हाची भारतीय वायर काही शे रुपयांत घ्या आणि भाच्याने आणलेला स्विच खुशाल लावा, असेच मी लिहिले असते. माझे मत ठरते ते दुसऱ्या फरकावरून, आणि तो फरक यंत्र बंद पडते त्या दिवशी कळतो.

काही वर्षांपूर्वी पुसद भागातल्या एका पतसंस्थेसाठी मी स्वतः युरोपसाठी भरलेला एक स्विच कमी दरात मिळतो म्हणून घेतला होता. तो दुसऱ्या कंपनीचा होता. अडीच वर्षे तो उत्तम चालला. जून महिन्यातल्या पहिल्याच वादळात त्याचा अंतर्गत वीजपुरवठा निकामी झाला. हमीची मुदत शिल्लक होती, म्हणून मी निश्चिंत मनाने तक्रार नोंदवली. उत्तर आले की हा अनुक्रमांक भारतात विकलेला नाही. ज्या देशात विकला त्या देशातल्या विक्रेत्याकडे जावे. ज्याच्याकडून घेतला त्या विक्रेत्याने फोन उचलणे थांबवले. नवा स्विच नागपुराहून येऊन बसेपर्यंत पाच दिवस पतसंस्थेचे व्यवहार हाताने लिहिले गेले, आणि खरिपाच्या तोंडावर पीक कर्जासाठी आलेली माणसे रोज परत जात होती. स्विच निवडताना मी वाचवलेली रक्कम मला तेव्हा फार जड वाटली.

सिस्कोच्या या मालिकेला कंपनी ‘मर्यादित आजीवन’ हमी देते. तिच्यात दोन अटी महत्त्वाच्या आहेत. हमी मूळ खरेदीदाराला असते, आणि यंत्र कंपनीच्या अधिकृत साखळीतून घेतलेले असावे लागते. अमेरिकेत भाच्याच्या नावावर घेतलेल्या यंत्राचा मूळ खरेदीदार भाचा असतो, आपली शाळा नसते. बदली यंत्र किती लवकर येईल हेही कुठल्या देशात खरेदी झाली आणि त्या देशात कंपनीची व्यवस्था काय आहे यावर ठरते. मुंबई-पुण्यातल्या कार्यालयात स्विच गेला तर माणूस दुपारी दुकानातून दुसरा आणून लावतो. आर्णीत तसे नाही. नागपूरहून वर्धा, यवतमाळ असे करत माणूस आपल्याकडे येतो तेव्हा त्याचा एक दिवस जातो, आणि तो यायला बांधील असेल तरच येतो. म्हणून नागपूरच्या विक्रेत्याला आपण जी जास्तीची रक्कम देणार आहात ती त्याच्या या बांधिलकीची किंमत आहे, असे मी मानतो. ती बांधिलकी तोंडी ठेवू नये. दरपत्रकावर पूर्ण क्रमांक, ‘-आयएन’सह, लिहून घ्यावा, हमीची तक्रार कोण नोंदवणार, यंत्र नागपुरात पोहोचवायचे की तो माणूस पाठवणार, आणि दरम्यान पर्यायी स्विच देणार का, हे सारे त्याच्या सहीशिक्क्यानिशी मागावे. यातले काहीच लिहून द्यायला तो तयार नसेल, तर यवतमाळ किंवा अमरावतीतला दुसरा अधिकृत विक्रेता पाहावा. ही दोन अक्षरे छापलेली आहेत एवढ्याने सेवा मिळत नाही.

विक्रेत्याला आणखी एक गोष्ट विचारावी. या मालिकेनंतरची नवी पिढी कॅटॅलिस्ट १३०० या नावाने बाजारात आलेली आहे. जुन्या मालिकेच्या नेमक्या याच नमुन्याला सुरक्षाविषयक सुधारणा कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आहेत, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि दोन्हींच्या दरात फार अंतर नसेल तर नवीन घ्यावा. ऑनलाइन मिळणारा ‘-ईयू’ इतका स्वस्त का, याचे एक कारण तिकडच्या गोदामातला शिल्लक माल हेही असू शकते.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. भारतात विकल्या जाणाऱ्या दूरसंचार उपकरणांना २०१७ च्या नियमांनुसार दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचे सक्तीचे परीक्षण आणि प्रमाणपत्र लागते, आणि त्या यादीत लॅन स्विच, म्हणजे आपण घेत आहात तसा स्विच, येतो. ही जबाबदारी उत्पादक आणि आयातदार यांची आहे, पण विक्रेत्याची पारख करायला आपल्याला तिचा चांगला उपयोग होतो : ‘या नमुन्याचे प्रमाणपत्र दाखवा’ म्हटल्यावर अधिकृत विक्रेत्याला ते दाखवता येते. दुसरे असे की निधी माजी विद्यार्थ्यांचा आहे. खरेदीला जीएसटीचे रीतसर बिल असेल, बिलावर अनुक्रमांक असेल आणि तोच डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढलेला असेल, तर लेखापरीक्षणात कोणी बोट ठेवू शकणार नाही. भाच्याच्या बॅगेतून आलेल्या यंत्राची नोंद आपण कोणत्या बिलाच्या आधारे करणार, याचा विचार पैसे पाठवण्याआधी करावा.

ऑनलाइन विक्रेत्याबद्दल मला अधिक काळजी आहे. तो अधिकृत नसेल तर यंत्र दुसऱ्या प्रदेशाचे असणे हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. ते नकलीही असू शकते. फिनलंडच्या एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने जुलै २०२० मध्ये सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६०-एक्स मालिकेच्या दोन नकली स्विचचा तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला होता. एका संस्थेत ते बसवलेले होते आणि व्यवस्थित चालतही होते. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर ते बंद पडले, तेव्हा कुठे ते नकली असल्याचे उघड झाले. असे यंत्र बंद पडू नये म्हणून माणसे सॉफ्टवेअर अद्ययावत करणेच टाळतात, आणि मग त्यातल्या सुरक्षेच्या फटी वर्षानुवर्षे तशाच राहतात. म्हणून कुठूनही घेतलेले यंत्र आले की खोक्यावरचा, यंत्राच्या पट्टीवरचा आणि यंत्र सुरू केल्यावर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या ‘सिस्टिम समरी’ पानावरचा, असे तिन्ही अनुक्रमांक जुळवून पाहावेत. तिन्ही एक नसतील तर यंत्र परत करावे.

आता ॲक्सेस पॉइंट. स्विचला रेडिओ नसतो, म्हणून त्याच्या बाबतीत प्रदेशाचा प्रश्न वायर, कागद आणि सेवा इतक्यावर थांबला. ॲक्सेस पॉइंट हवेतून बोलतो, आणि हवेतल्या कोणत्या लहरी किती ताकदीने वापरायच्या हे प्रत्येक देशाचे सरकार ठरवते. भारताने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे भाग विनापरवाना वापरासाठी खुले केले आहेत. अमेरिकेचे नियम तिच्या स्वतःच्या संस्थेने केलेले आहेत आणि ते आपल्यापेक्षा वेगळे आहेत. म्हणून उत्पादक ॲक्सेस पॉइंटमध्ये प्रदेश पक्का करून टाकतात. सिस्कोच्या अनेक ॲक्सेस पॉइंटच्या क्रमांकात भारतासाठी ‘-डी’ हे अक्षर असते आणि अमेरिकेसाठी ‘-बी’. अरुबा या कंपनीच्या बाबतीत ‘यूएस’ असे लिहिलेला नमुना अमेरिकेलाच बांधलेला असतो आणि आपल्यासाठी ‘आरडब्ल्यू’ हा उर्वरित जगाचा नमुना असतो. अशा यंत्राच्या सेटिंगमध्ये देश बदलण्याचा पर्याय ग्राहकाला दिलेला नसतो. शिवाय रेडिओ असलेल्या उपकरणाला भारतात वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची मान्यता लागते. तेव्हा स्विचच्या बाबतीत मी ‘घेऊ नये’ म्हणतो, ॲक्सेस पॉइंटच्या बाबतीत ‘मुळीच घेऊ नये’ म्हणतो. भाच्याची मदत करण्याची इच्छा खरी असेल, तर त्याने तेवढी रक्कम शाळेच्या खात्यात रीतसर द्यावी.

पत्र पोहोचेपर्यंत त्याने स्विच घेऊनच टाकला असेल, तर त्याला अपराधी वाटू देऊ नये. यंत्र चांगलेच आहे. अमेरिकी वायर बाजूला काढून आयएसआय चिन्हाची तीन पिनांची भारतीय वायर लावावी, खरेदीची मूळ पावती भाच्याकडून जपून घ्यावी, आणि ते यंत्र संगणक कक्षात वापरावे, जिथे ते दोन दिवस बंद राहिले तर तास बुडेल पण वसतिगृहाचे कॅमेरे बंद पडणार नाहीत. कॅमेऱ्यांचा भार मात्र ज्याच्यामागे विक्रेता उभा आहे अशाच यंत्रावर ठेवावा.

प्रदेशाच्या अक्षरांपेक्षा ‘पी’ आणि ‘एफपी’ या अक्षरांतला फरक आपल्या कामाला अधिक लागू आहे, म्हणून तोही पडताळून पाहू. ‘२४पी’ हा नमुना सर्व पोर्ट मिळून १९५ वॉट वीज देतो आणि ‘२४एफपी’ ३७० वॉट. एका कॅमेऱ्याला जास्तीत जास्त ७ वॉट धरले तर बारांचे ८४ होतात; तीन ॲक्सेस पॉइंटचे प्रत्येकी २० धरून ६०. एकूण १४४ वॉट होतात, म्हणजे ‘२४पी’ पुरतो. पुढे कॅमेरे वीसच्या वर जाणार असतील किंवा रात्री दूरवर पाहणारे, फिरणारे कॅमेरे घ्यायचे असतील, तर ‘एफपी’ आताच घ्यावा. या विजेचा भार यूपीएसवरही येतो, हे विसरू नये : स्विचचा स्वतःचा वापर आणि ही १४४ वॉट असे मिळून दोनशे वॉटच्या आसपास मागणी धरावी, आणि यूपीएस साइन वेव्हचा, म्हणजे घरगुती विजेसारखीच सलग लहर देणारा, घ्यावा. गावात अजून पुष्कळ ठिकाणी स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहेत. त्यांच्यावर अशी यंत्रे चालवू नयेत.

विदर्भातल्या स्विचचे खरे शत्रू वीज आणि ऊन हे दोन आहेत, आणि कोणत्याही प्रदेशाचे खोके त्यांच्यापासून वाचवत नाही. आपण ज्याला डीपी म्हणतो त्या रोहित्रावरचे न्यूट्रल तुटले की एका फेजवर २३० च्या जागी चारशेच्या जवळ व्होल्टेज येऊ शकते, आणि २४० पर्यंत मान्य असलेले यंत्र ते सोसत नाही. म्हणून स्विचच्या आधी जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारे संरक्षण बसवून घ्यावे. कार्यालयीन वापराच्या स्विचची तापमानमर्यादा साधारण ४५ ते ५० अंशांची असते. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ अंश होतात, तेव्हा टिनाच्या छताखालच्या बंद लोखंडी कपाटात काय होत असेल याचा अंदाज घ्यावा, आणि रॅक तळमजल्यावर, भिंतीच्या सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी ठेवावा. संगणक कक्षापासून वसतिगृहापर्यंत तांब्याची केबल ओढू नये. तिची मर्यादा १०० मीटर आहे, पण अंतर कमी असले तरी दोन इमारतींमधली तांब्याची तार पावसाळ्यात विजेला वाट करून देते. त्या चार एसएफपी जागा याचसाठी आहेत. तिथे फायबर टाकावी.

अर्थिंगचा खड्डा शेवटी कधी तपासला हे मुख्याध्यापकांना विचारून पाहावे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग नेमके मे-जूनमध्ये, पहिल्या वादळाच्या वेळी, निकामी असते. वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलवावे. रोध साधारण ५ ओहमच्या आत असावा असा प्रघात आहे. तो जास्त निघाला तर खड्ड्यात कोळसा आणि मीठ नव्याने भरून घ्यावे आणि उन्हाळाभर दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतण्याचे काम कोणाकडे तरी नेमून द्यावे. हे काम यंत्र यायच्या आधी झाले पाहिजे. विक्रेत्याच्या माणसाने स्विच रॅकमध्ये बसवला की त्याच सॉकेटवर अर्थिंग पुन्हा एकदा मोजायला लावावी, आणि तो आकडा बिलाच्या मागे तारीख घालून लिहून ठेवावा.